गोठ्याच्या कोपऱ्याला बांधलेली शेळी: पाऊण वर्तुळावर थांबू नका

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलगी नववीत आहे, स्कॉलरशिप टाइपच्या सराव पेपरात गणित आलं: ६ मीटर बाय ४ मीटरचा आयताकृती गोठा, भोवती सगळीकडे गवत, गोठ्याच्या एका कोपऱ्याला बाहेरून ९ मीटरच्या दाव्यानं शेळी बांधलीय, तर ती किती क्षेत्र चरेल. मुलीनं पाऊण वर्तुळ काढून १९०.७५५ लिहिलं, उत्तरसूचीत २१७.४४५ आहे, आणि तुम्ही विचारताय की हे वरचे जवळपास २७ चौरस मीटर आले कुठून. शिवाय तिनंच विचारलंय की दावं १२ मीटरचं असतं तर? आणि गोठा गोल असता तर? खरं सांगू, हे दोन प्रश्न तिनं स्वतःहून विचारलेत ना, तर त्या १९०.७५५ ची अजिबात काळजी करू नका.

मी पुण्यात गेली सव्वीस-सत्तावीस वर्षं आठवी ते दहावीच्या मुलांना भूमिती शिकवतोय आणि हे गणित दरवर्षी घेतो, आणि दरवर्षी निम्म्याहून जास्त वर्ग पाऊण वर्तुळापाशीच थांबतो. त्याला कारण आहे. सीबीएसईच्या दहावीच्या पुस्तकात घोड्याचं गणित आहे, १५ मीटर बाजूचं चौरस मैदान, कोपऱ्यातल्या खुंटीला ५ मीटर दोरीनं घोडा, तर किती चरेल, आणि दोरी १० मीटर केली तर किती वाढेल. तिथं घोडा कोपऱ्याच्या आत आहे, त्यामुळे पाव वर्तुळ, १९.६२५, आणि १० मीटरला ७८.५, म्हणजे वाढ ५८.८७५, संपलं. मुलांच्या डोक्यात बसतं की आतून बांधलं तर पाव, बाहेरून बांधलं तर पाऊण. पहिलं बरोबर आहे. दुसरं अर्धवट आहे, कारण बाहेर बांधलेल्या शेळीचं दावं भिंतीला टेकल्यावर थांबत नाही, ते पुढच्या कोपऱ्यावर मोडतं (तुटत नाही, वळतं) आणि शेळी भिंतीमागे जाते.

सगळं गणित या एका शब्दात आहे, मोडतं. मी मुलांना सूत्र देतच नाही, एकच प्रश्न विचारायला लावतो: दावं आत्ता कुठं मोडलंय? जिथं मोडलंय तो नवा केंद्रबिंदू, आणि तिथून पुढं जेवढं दावं शिल्लक आहे ती नवी त्रिज्या. बास.

आता हे तिला हातानं करायला लावा, फक्त ऐकून कळत नाही. आलेख कागद घ्या, १ सेंटिमीटरला १ मीटर धरा. जाड पुठ्ठ्याचे तीन-चार थर एकमेकांवर चिकटवून ६ बाय ४ सेंटिमीटरचा ठोकळा करा आणि कागदाच्या मधोमध फेविकॉलनं चिकटवा. कोपऱ्याला टाचणी टोचून शिवणाचा साधा दोरा बांधा (लोकर नको, ती ताणली जाते आणि उत्तर फुगतं), दुसऱ्या टोकाला पेन्सिलीसाठी छोटा फास, आणि गाठी मारून झाल्यावर टाचणीपासून पेन्सिलीपर्यंत बरोबर ९ सेंटिमीटर भरतात का ते पट्टीवर मोजा. पेन्सिल उभी धरायची, दोरा कायम ताणलेला ठेवायचा आणि हळूहळू फिरवायचं. टाचणीभोवती पाऊण फेरा होतो, मग दोरा लांब भिंतीला चिकटतो, आणि त्याच क्षणी बोटांना जाणवतं की पेन्सिल आता टाचणीभोवती फिरत नाहीये, ती त्या दुसऱ्या कोपऱ्याभोवती फिरतीये आणि फेरा एकदम लहान झालाय. हा क्षण मुलाच्या हाताला एकदा कळला की पुढं आयुष्यभर हे गणित चुकत नाही असा माझा अनुभव आहे.

अजून एक गोष्ट तिला दाखवा. मोठा कंस संपून लहान कंस सुरू होतो तिथं रेषेला टोक येत नाही, गुळगुळीत वळण येतं. का? कारण त्या क्षणी जुना केंद्रबिंदू, नवा केंद्रबिंदू आणि पेन्सिल तिन्ही एकाच रेषेत असतात, म्हणजे दोन्ही कंसांची स्पर्शिका तिथं एकच असते. आकृती हातानं काढताना तिथं खाच पडली तर समजायचं की केंद्र किंवा त्रिज्या चुकलीय. परीक्षेत हा चेक फुकटात मिळतो.

आता आकडे. टाचणीभोवती त्रिज्या ९, पाऊण वर्तुळ, म्हणजे ८१ चे पाऊण, ६०.७५ पाय (म्हणजे ६०.७५ गुणिले π). लांब भिंतीवरून ६ मीटर खर्च झाले, उरले ३, पाव वर्तुळ, ९ चा पाव, २.२५ पाय. दुसऱ्या बाजूनं आखूड भिंतीवर ४ खर्च, उरले ५, पाव वर्तुळ, २५ चा पाव, ६.२५ पाय. बेरीज ६९.२५ पाय. पाय ३.१४ धरला तर २१७.४४५ चौरस मीटर. मुलीचं उत्तर त्यातला पहिला तुकडा आहे फक्त, मागची दोन पाव वर्तुळं राहिली, ८.५ पाय, म्हणजे २६.६९. हेच तुमचे २७. आलेख कागदावर चौकोन मोजले तर २१७ च्या आसपास येतात, अर्धे-मुर्धे चौकोन जोडून मोजायचे, हे नक्की करा, कारण मोजलेलं आणि काढलेलं जुळलं की मुलांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

माझी एक कळकळीची विनंती, पाय शेवटपर्यंत घालू नका. ६९.२५ पाय हे खरं उत्तर आहे. पाय २२/७ घेतला की २१७.६४ येतं, ३.१४ घेतला की २१७.४४५, आणि मुलं दोन गाइडमधली दोन उत्तरं बघून घाबरतात की आपली रीत चुकली. रीत बरोबर असते, पाय वेगळा असतो. भास्कराचार्यांनी लीलावतीत दोन्ही दिलेत, ढोबळ हिशोबाला २२/७ आणि सूक्ष्म हिशोबाला ३९२७/१२५०, म्हणजे ३.१४१६. त्यानं २१७.५६ येतं. म्हणून रीत तपासायची तर ६९.२५ जुळतंय का बघा, दशांश नंतर.

इथं थोडं थांबून एक तुलना. तोच गोठा, तेच ९ मीटर दावं, पण शेळी कोपऱ्याऐवजी ६ मीटरच्या भिंतीच्या मध्यावर बांधली तर? अर्धं वर्तुळ ४०.५ पाय, दोन्हीकडे ३ मीटरवर कोपरा, उरले ६, दोन पाव वर्तुळं मिळून १८ पाय, मग ४ मीटरची आखूड भिंत संपल्यावर दावं परत मोडतं, उरले २, परत दोन पाव वर्तुळं मिळून २ पाय. एकूण ६०.५ पाय. म्हणजे कोपऱ्याला बांधल्यानं ८.७५ पाय, जवळजवळ साडेसत्तावीस चौरस मीटर जास्त चरायला मिळतं, दोरी एक इंचही न वाढवता. हे गणित मी मुद्दाम देतो कारण यात दावं एका बाजूला दोनदा मोडतं आणि ज्यानं नुसतं सूत्र पाठ केलंय तो इथंच अडकतो.

आता दावं १२ मीटरचं. हा तिचा प्रश्न खरंच भारी आहे. वरच्या रीतीनं केलं तर १०८ अधिक ९ अधिक १६, १३३ पाय, ४१७.८३ (इथून विहिरीच्या गणितापर्यंत पाय ३.१४१६ धरलाय). पण हे जास्त आहे, कारण आता शेळी समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंनी पोचते आणि तिथलं थोडं गवत आपण दोनदा मोजलं. कधी असं होतं? टाचणीपासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत भिंतीच्या कडेनं अंतर ६ अधिक ४, म्हणजे १०. दावं १० किंवा कमी असेल तर दोन पाव वर्तुळं एकमेकांवर येत नाहीत, १० च्या वर गेलं की येतात. म्हणून मूळ गणितात ९ दिलंय, पेपर काढणाऱ्यानं विचार करून दिलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी वर्गातल्या एका मुलीनं मला हाच आकडा विचारला होता, सर हे ९ च का, १२ का नाही, आणि तेव्हापासून मी प्रत्येक गणितात दिलेल्या आकड्याबद्दल मुलांना "हाच का?" असं विचारायला लावतो.

मग दुप्पट मोजलेला तुकडा केवढा? १२ मधून १० गेले, उरले २. समोरच्या कोपऱ्याच्या बाहेर, दोन्ही भिंतींना समांतर २ बाय २ चा चौकोन कल्पा, दुहेरी तुकडा पूर्णपणे त्याच्या आत असतो आणि त्याला जवळजवळ भरून टाकतो, फक्त बाहेरचं टोक थोडं गोलसर कापलं जातं. म्हणजे ४ पेक्षा जरासा कमी. नीट काढायचं तर दोन्ही वर्तुळं कुठं छेदतात ते शोधावं लागतं. समोरचा कोपरा शून्य धरला तर छेदनबिंदू एका दिशेला १.८१ आणि दुसऱ्या दिशेला १.७२ मीटरवर येतो, आणि तुकडा ३.६७ चौरस मीटर भरतो. तर उत्तर साधारण ४१४.१६. ११वी-१२वीचं इंटिग्रेशन (बारीक तुकड्यांची बेरीज करायची रीत) आलं की ती स्वतः काढेल, आत्ता "४१३.८ पेक्षा जास्त आणि ४१७.८ पेक्षा कमी" एवढं तिनं कारणासकट सांगितलं तरी मी पूर्ण मार्क देईन.

आणि हो, मुलं विचारतात की समोरच्या कोपऱ्यावर दावं परत मोडेल ना, मग तिथलं अजून एक लहान पाव वर्तुळ धरायचं का. मोडतं खरं, उरलेल्या २ मीटरचं, पण तो भाग दुसऱ्या बाजूनं येणाऱ्या मोठ्या पाव वर्तुळात आधीच आलेला असतो, त्यामुळे वेगळा धरायचा नाही. पुठ्ठ्यावर दोन रंगांच्या पेन्सिली वापरून दोन्ही बाजूंनी फेरा काढा, लगेच दिसतं.

गोल गोठ्याकडे जायच्या आधी मधली एक पायरी. आयताच्या कोपऱ्यावर दावं मोडलं की शेळी ९० अंश फिरते आणि पुढच्या भिंतीला लागते. कोपरा ९० चा नसेल तर? भिंतीच्या रेषेतून १८० वजा कोपऱ्याचा कोन एवढी फिरते, म्हणजेच बाह्यकोन. समभुज त्रिकोणी गोठा असेल तर कोपरा ६० चा, शेळी १२० अंश फिरते. षटकोनी असेल तर ६०, बारा बाजूंचा असेल तर ३०. बाजू वाढवत गेलात की प्रत्येक मोडीवर शेळी थोडीशीच फिरते, पण मोडी खूप होतात. आणि गोल म्हणजे काय, तर दावं प्रत्येक बिंदूवर मोडतं.

आपल्याकडे हे गणित विहिरीनं फार छान समजतं. शेतातली गोल विहीर, बाहेरून कठड्याची त्रिज्या ३ मीटर, कठड्याला बाहेरच्या बाजूला कडी, कडीला ९ मीटरचं दावं. शेळी कठड्यापासून लांबच्या बाजूला अर्धं वर्तुळ मोकळी फिरते, ८१ चं अर्धं, ४०.५ पाय, १२७.२३. मग दावं कठड्याला गुंडाळायला लागतं आणि प्रत्येक क्षणी मोकळं दावं थोडं थोडं कमी होत जातं, त्यामुळे एका कंसाऐवजी आत आत वळणारी वक्र रेषा मिळते. त्या भागाचं क्षेत्रफळ म्हणजे असंख्य बारीक द्वैत्रिज्यांची (दोन त्रिज्यांमधल्या पाकळीसारख्या तुकड्यांची) बेरीज, आणि ती बेरीज एका बाजूला दाव्याच्या लांबीचा घन भागिले त्रिज्येची सहा पट येते. ७२९ भागिले १८, म्हणजे ४०.५. दोन्ही बाजू मिळून ८१. एकूण २०८.२३ चौरस मीटर. बघा, गोल विहिरीभोवती गुंडाळणाऱ्या भागात पाय आलाच नाही, सरळ ८१ चौरस मीटर! पहिल्यांदा हे काढलं तेव्हा मी दोनदा तपासलं होतं, आजही शिकवताना मजा येते. फक्त अट एवढी की दावं कठड्याच्या अर्ध्या परिघापेक्षा जास्त नको, इथं अर्धा परीघ ९.४२ आहे म्हणून ९ चाललं, त्याच्या वर गेलं की मागच्या बाजूला परत दुहेरी मोजणी सुरू होते, गोठ्याच्या १० मीटरसारखीच.

हे कोडं काही आजचं नाही. इंग्लंडमध्ये १७४८ साली लेडीज डायरी नावाच्या वार्षिकात हेच आलं होतं, तळ्याभोवती १६० यार्ड परिघाचं गोल लोखंडी कुंपण, त्याला तेवढ्याच लांबीच्या दोरीनं घोडा बांधलाय, जास्तीत जास्त किती चरेल. तिथं दोरी पूर्ण परिघाएवढी, म्हणजे दुहेरी मोजणीची भानगड आलीच, उत्तर ७६,२५७.८६ चौरस यार्ड. म्हणजे मुलीनं १२ मीटर आणि गोल असे जे दोन प्रश्न विचारले ना, ते दोन्ही एकत्र केले की १७४८ चं गणित तयार होतं.

आता उलटं करा. शेळी गोल कुरणाच्या आत आहे, कुंपणावरच्या एका खुंटीला बांधलीय, आणि तिला बरोबर अर्धं कुरण चरू द्यायचंय, तर दावं किती? ऐकायला वरच्या सगळ्यांपेक्षा सोपं वाटतं आणि आहे सगळ्यात अवघड. दावं त्रिज्येएवढं घेतलं तर फक्त ३९ टक्के कुरण चरलं जातं. त्रिज्येच्या १.४१४ पट घेतलं तर ६८ टक्के. म्हणजे उत्तर मध्ये कुठंतरी. खुंटीपाशी दावं एका बाजूच्या कुंपणापासून दुसऱ्या बाजूच्या कुंपणापर्यंत जेवढा कोन फिरतं त्याला क म्हणा. शेळीच्या वर्तुळाचं द्वैत्रिज्य आणि कडेचे दोन वर्तुळखंड (जीवेनं कापलेले तुकडे) यांची बेरीज कुरणाच्या निम्मी ठेवली की सगळं कापाकापी होऊन एवढंच उरतं: साइन क वजा क गुणिले कोसाइन क बरोबर पाय भागिले २. (इथं क रेडियनमध्ये.) आणि हे सोडवता येत नाही. म्हणजे आपण वर्गसमीकरण सोडवतो तसं क एकीकडे, बाकी दुसरीकडे, असं होत नाही, कारण क साइनच्या आतही आहे आणि बाहेरही.

पण आकडा हवा असेल तर दोन ओळींचं काम आहे. अंदाजे क १.९ धरा, डावी बाजू १.५६०५ येते, पाहिजे १.५७०८, कमी पडतंय ०.०१०३. क थोडा वाढवला की डावी बाजू क गुणिले साइन क या वेगानं वाढते, इथं १.७९८ च्या. भागाकार केला की ०.००५७. म्हणून क १.९०५७, अंशात १०९ च्या जरा वर, आणि दावं त्रिज्येच्या १.१५८७ पट. १० मीटर त्रिज्येच्या कुरणाला ११.५९ मीटर. एका पायरीत चार दशांश बरोबर, कॅल्क्युलेटरवर करून बघा.

हा आतला प्रश्न १८९४ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली या गणिताच्या मासिकाच्या पहिल्याच वर्षी छापला गेला आणि तेव्हापासून लोकांकडे आकडा होता पण नेमकं लिहिलेलं उत्तर नव्हतं. ते २०२० मध्ये इंगो उलिश या जर्मन गणितज्ञानं दिलं, कॉंटूर इंटिग्रल नावाची वरच्या पातळीची रीत वापरून, दोन इंटिग्रलचा भागाकार अशा रूपात. तुमच्या मुलीला हे जरूर सांगा, की शाळेच्या पेपरातल्या शेळीचं चुलत भावंड सव्वाशे वर्षं नेमक्या उत्तराविना होतं. कुरणाऐवजी चेंडूसारख्या पोकळ गोलाच्या आत पक्षी बांधला आणि त्याला बरोबर अर्धी जागा द्यायची असेल तर १.१५८७ चा आकडा १.२२८५ होतो, तेही तिला आवडेल.

एक खऱ्या शेळीबद्दल. सिंहगडाकडे जाताना डोणज्याच्या अलीकडे रस्त्याकडेला खुंटीला बांधलेली शेळी दिसली की मी गाडी बाजूला घेतो. खुंटीभोवती गवत खाल्लेला गोल स्पष्ट दिसतो, पण तो दाव्यापेक्षा हात-दीड हात मोठा असतो, कारण दावं गळ्याला आणि तोंड गळ्याच्या पुढं. ९ मीटर दाव्याला अर्धा मीटर मान धरली तर पहिल्या पाऊण वर्तुळातच ६०.७५ चे ६७.७ पाय होतात, जवळपास २२ चौरस मीटर जास्त. गणितात शेळी म्हणजे एक बिंदू धरतात हे मुलांना सांगावं लागतं, नाहीतर हुशार मूल इथंच अडून बसतं आणि ते बरोबरच असतं. मुलीला एकदा तिकडं नेऊन दाखवा, खुंटी ते खाल्लेल्या गवताची कड, टेपनं मोजू द्या. गोडी अशीच टिकली तर पुण्यात लॉ कॉलेज रोडजवळ भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था आहे, १९७६ साली गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी सुरू केलेली, शाळकरी मुलांसाठी तिथं गणिताचे वर्ग असतात, चौकशी करा.

आणि आता तिच्यासाठी एक, पुठ्ठा कापून मगच सोडवायचं: ४ मीटर बाजूचा समभुज त्रिकोणी गोठा, एका कोपऱ्याला बाहेरून ६ मीटर दावं. तिचं उत्तर ९८/३ पाय आलं, म्हणजे पाय ३.१४ धरून १०२.५७, तर बरोबर. ३० पाय आलं तर परत दोरा घेऊन बसायचं. आणि बरोबर आलं की तिला विचारा, दावं ६ च का दिलं.